अलंकार कुणाचे?

आंबिवलीच्या एका वस्तीतल्या विहारात रविवारी आम्ही दहावीच्या मुलांचा अभ्यास घेतो. मागच्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, "सर, अलंकार डोक्यात शिरत नाहीत. ते आपल्यासाठी नाहीतच."

मी तिला विचारले, सकाळी आई काय म्हणाली? "नळ आज पण रुसलाय." अगं, निर्जीव नळाला माणसासारखा रुसवा दिलास, हीच चेतनगुणोक्ती! आजी म्हणते, पगार तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा उडाला. ही उपमा. आणि "तुम्ही लई मोठी माणसं, आमच्या हातचं पाणी कसं प्याल?" वरून स्तुती, आतून चपराक. ही व्याजस्तुती. जातीचे चटके सोसलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही.

मग मुलीला असे का वाटले? कारण तिला नियम शिकवले, पण उदाहरणे दिली कमळासारख्या मुखाची आणि चंद्राची. तिची भाषा वहीत आली की त्यावर लाल शेरा पडतो, 'ग्राम्य'.

हा शेरा आजचा नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त ग्राम्य हा काव्यदोष आहे. सामान्यांच्या तोंडचा शब्द कवितेत आला की कविता बाटली! संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, दासी प्राकृत. आणि 'अलंकार' हा शब्द मनुस्मृतीतही आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांचे अलंकार लोखंडाचे असावेत, असा हुकूम आहे. सोने कुणी ल्यावे आणि शब्द कुणी ल्यावेत, हे ठरवणारी व्यवस्था एकच होती. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ती जाळली गेली.

1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाने प्रस्तावनेत कबूल केले की त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ त्यांना कवीलाच विचारावे लागले. अज्ञान कुणाचे होते? कवीचे की मराठी साहित्याचे? शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 मध्ये 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून तराजूच बदलला. आनंद हा एकमेव निकष कशाला? स्वातंत्र्य, समता, बंधुता हे निकष का नकोत?

पण आपल्या काही कार्यकर्त्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. "अलंकार, रस ही भटांची थेरं, आपल्याला काय करायचीत?" असे ते म्हणतात. हे चूक आहे. बाबासाहेबांनी संस्कृत ग्रंथ दूर फेकले नाहीत. ते वाचले आणि त्याच ग्रंथांतून पुरावे काढून उत्तर दिले. 1920 साली पाक्षिकाला नाव दिले 'मूकनायक'. मुक्यांचा नायक, आणि तो बोलतो! या एका शब्दातला विरोध ज्याला उलगडतो, त्याला त्या पत्राचे अर्धे काम कळले. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर लोक डोलले ते नुसत्या विचारावर नव्हे, दृष्टान्तावर आणि लयीवरही.

उपमा, रूपक, व्यंग्य ही हत्यारे आहेत. हत्याराचे नाव ठाऊक नसले तरी ते चालवता येते, पण परीक्षेत, वर्तमानपत्रात, सभेत समोरचा त्याच नावांनी आपल्याला गप्प करतो. म्हणून नावे शिका. आणि उदाहरणे आपली द्या.

त्या मुलीने वहीत लिहिले आहे, "नळ आज पण रुसलाय." या वाक्यावर आता कुणी लाल शेरा मारून दाखवावा.

जय भीम!