गुरुजी नको, कामगार म्हणा

शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याची एनआरसी, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विमको, बदलापूरची एमआयडीसी. उल्हासनगर कॅम्प १ आणि आजूबाजूच्या वस्त्यांतल्या आपल्या दोन पिढ्यांचं पोट या गेटांवर भरलं. त्यामुळे कामगार हा शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. एनआरसीचं गेट २००९ साली बंद झालं तेव्हा थकलेली देणी मागायला कामगारांच्या हातात निदान कायदा होता. न्याय उशिरा मिळो, अर्धा मिळो, पण दावा लावायला दार होतं.

त्याच घरांतली तिसरी पिढी आता सेट-नेट पास झाली आहे. कुणी पीएचडी केली आहे. बाप ज्या गेटातून आत जायचा त्यापेक्षा कितीतरी चकचकीत गेटातून ती रोज आत जाते, 'सर', 'मॅडम' ऐकते आणि तासाच्या हिशेबाने पैसे घेते. या पिढीला कामावरून कमी केलं तर जायला कामगार न्यायालय नाही. कारण भारतीय कायद्याच्या लेखी प्राध्यापक हा कामगारच नाही.

ही कुणा संस्थाचालकाची मनमानी नाही, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं आहे. एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ साली नोकरीवरून काढलं. तिचं म्हणणं साधं होतं: माझा वाद कामगार न्यायालयाकडे पाठवा. सरकारने नकार दिला. प्रकरण वर गेलं आणि १९८८ मध्ये 'ए. सुंदरंबल विरुद्ध गोवा सरकार' म्हणून निकाल लागला. न्यायालय म्हणालं, शाळा हा उद्योग आहे हे खरं, पण शिक्षक हा कामगार नाही. त्याचं काम हाताचं नाही, तांत्रिक नाही, कारकुनी नाही, देखरेखीचंही नाही. शिकवणं हे उदात्त कार्य आहे. म्हणजे १९७८ च्या बंगळुरू पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांनी शिक्षणसंस्थांना उद्योगात आणून जे दार उघडलं होतं, त्यातून शिपाई आत गेला, कारकून गेला, माळी गेला आणि शिकवणारी बाई बाहेर राहिली. त्याच निकालात न्यायालयाने राज्यांनी शिक्षकांच्या संरक्षणासाठी कायदे करावेत अशी अपेक्षाही व्यक्त केली. अपेक्षेने घरभाडं भरता येत नाही.

'उदात्त' या शब्दाशी आमचं भांडण आहे. अध्यापन हे श्रम नव्हे, त्याची मजुरी नसते, दक्षिणा असते, हा विचार कुठून आला ते आपल्याला कुणी सांगायला नको. वर्णव्यवस्थेने अध्यापन एका वर्णाच्या नावावर लिहून दिलं आणि हाताचं काम दुसऱ्यांच्या माथी मारलं. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. कायद्यातली व्याख्या वाचा: एका बाजूला हाताचं काम आणि कारकुनी, दुसऱ्या बाजूला ज्ञानदान. हीच ती जुनी रेघ, नव्या शाईने मारलेली. (द्रोणाचार्यसुद्धा हस्तिनापूरच्या खजिन्यावर पोसले जात होते, पण हे कुठल्या गुरुपौर्णिमेच्या भाषणात ऐकू येत नाही.)

आणि हा सन्मान नेमका कधी महाग पडू लागला तेही बघा. प्राध्यापकी जोवर वरच्या जातींची पिढीजात जागा होती, तोवर तिच्यासोबत कायमपद, वेतनश्रेणी, पेन्शन हे सगळं होतं. कामगार न्यायालयाची गरज कुणाला पडणार होती? आरक्षणाच्या बिंदूवरून आपली मुलं त्या जागांवर येऊ लागली, आणि बघता बघता पदं गोठली, तासिका तत्त्व आलं. पूर्वजांचा मान आमच्या वाट्याला आला, पूर्वजांचा पगार नाही.

आता हिशेब करू. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर महागाई भत्ता वगैरे. तासिका तत्त्वावर, २०२३ च्या वाढीनंतर, पदवीच्या एका तासिकेचे ९०० रुपये. एका पूर्ण पदाचा कार्यभार दोघांत वाटायचा, म्हणजे एकाच्या वाट्याला आठवड्याच्या ९ तासिका. महिना एकही सुट्टी न येता गेला तर ३२,४०० रुपये. पण दिवाळी येते, परीक्षा येतात, उन्हाळा येतो, आणि त्या दिवसांचे पैसे शून्य. पेपर तपासणी, नॅकच्या फायली, प्रवेशाच्या रांगा हे त्या तासिकेत मोजलं जात नाही. मानधन दर महिन्याला येत नाही. आमच्यातल्या काहींनी सहा-सहा महिने वाट पाहिली आहे. विनाअनुदानित अभ्यासक्रमांत तर दर किती हे संस्थेच्या मर्जीवर. आमच्या एका सोबतिणीला एका महाविद्यालयाने चार वर्षं सलग शिकवायला लावलं आणि पाचव्या जूनमध्ये फोन उचलणं बंद केलं. काढल्याचं पत्र नाही. काढलंच नाही म्हणे, मुदत संपली.

हाच प्रकार कारखान्यात केला तर महाराष्ट्रात तो बेकायदा आहे. 'महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१' हे लांबलचक नाव आपल्या युनियनवाल्या काकांना पाठ असेल. त्याची चौथी अनुसूची, बाब सहा: कामगारांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून घेऊन, कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. पुन्हा वाचा. तासिका तत्त्वाचं याहून नेमकं वर्णन कुणी करून दाखवावं. पण हा कायदा औद्योगिक कायद्यातल्या कामगारालाच ओळखतो. म्हणून फॅक्टरीच्या गेटात जी अनुचित प्रथा, तीच कॉलेजच्या गेटात शासनाचं धोरण.

हे कलम कागदावरचं नाही, ते चाललेलं आहे, आणि ते चालवलं ते आपल्याच माणसांनी. एसटी महामंडळात बस झाडणारे, धुणारे लोक वर्षानुवर्षं रोजंदारीवर होते. त्यांची केस कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेने लढवली. मध्येच २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा उमादेवी निकाल आला: नियमित निवडप्रक्रियेतून न आलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना न्यायालयांनी कायम करू नये. महामंडळाने तोच निकाल पुढे केला. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमादेवी निकालाने औद्योगिक न्यायालयाचे हे अधिकार काढून घेतलेले नाहीत. मालकाने अनुचित प्रथा केली असेल तर ते कायम करण्याचा आदेश देऊ शकतं. कास्ट्राईब जिंकली. एसटीच्या बसमध्ये झाडू मारणारा आपला माणूस 'कामगार' होता म्हणून कायम झाला. त्याचा पोरगा 'गुरू' आहे म्हणून उमादेवीच्या भिंतीवर डोकं आपटतो आहे. ज्याला यात सन्मान दिसत असेल त्याने तो खुशाल घ्यावा.

यावर आपल्याच लोकांचे आक्षेप येतात. पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा: इतकं शिकून पुन्हा कामगारच म्हणवून घ्यायचं का? त्यांना एवढंच सांगतो. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी घ्यायला सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पदाची प्रतिष्ठा तिथंच कळली. पुढे १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्याच खुर्चीवर असताना १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असं त्यांनी सांगितलं, तेव्हाही ते प्राचार्यच होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, त्यात ते रस्त्यावर होते. पुढे मजूरमंत्री म्हणून १९४३ मध्ये मालकांनी युनियनला मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक त्यांनी मांडलं. प्राचार्यांना मजूर शब्दाची लाज वाटली नाही, आपल्याला कशाची वाटते?

दुसरा आक्षेप कायद्याच्या जाणकारांचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे, मग कामगार न्यायालय कशाला? आहे, बरोबर. बडतर्फ केलं, काढून टाकलं, पदावनती केली तर तिथं अपील करता येतं. कायम प्राध्यापकासाठी ते कामाचं आहे. पण ज्याला कागदावर कधी काढलंच जात नाही, ज्याची फक्त 'मुदत संपते', त्याने अपील कशाविरुद्ध करायचं? आणि अनुचित प्रथा म्हणून सगळ्या तासिकावाल्यांची एकत्र तक्रार घेऊन संघटनेने उभं राहावं, जसं कास्ट्राईब राहिली, ती सोय तिथं नाही. तिथं प्रत्येक जण आपापला निकालपत्राचा तुकडा घेऊन एकटा.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: खरी मागणी पदभरतीची, हे कामगार प्रकरण म्हणजे फाटा. आम्ही उलट म्हणतो. २०१८ मध्ये सरकारने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला मान्यता दिली. मे २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन भरती थांबवली, आणि उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. एवढी वर्षं वर्ग रिकामे राहिले का? नाही, तासिकावाल्यांनी चालवले. स्वस्त माणूस मिळतो तोवर महाग पद कोण भरेल? रिकामं पद म्हणजे बिंदुनामावलीतला रिकामा बिंदू. १३ बिंदूंच्या रोस्टरविरुद्ध आपण २०१९ मध्ये देश बंद केला, कारण त्यात अनुसूचित जातीची पहिली जागा सातव्या पदावर येत होती, जमातीची चौदाव्या. तो लढा जिंकला, केंद्राचा कायदा आला. पण पदच भरायचं नसेल तर सातवा काय आणि सत्तरावा काय! तासाच्या जाहिरातीत आरक्षणाचा उल्लेख असला तरी दर जूनला ती पाटी पुसली जाते. तासिकावाल्याला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ज्या दिवशी संस्थेला कायद्याने महाग पडेल, त्या दिवशी कायम पदाची फाईल हलेल.

आणि कायद्यातला शब्द हलत नाही असं कुणी सांगू नये. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातले 'कर्मचारी' नाहीत असं म्हटलं. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून मागे नेऊन. खासगी शाळावाले न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये हरले. एका शब्दाच्या दुरुस्तीने लाखो शिक्षकांची ग्रॅच्युइटी परत आली. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हे करता आलं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेच्या व्याख्येत श्रमिक पत्रकार आहे, कंपन्यांचा विक्री प्रतिनिधी आहे, शिक्षक नाही. उलट धर्मादाय, सामाजिक, परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांना तिने उद्योगाच्या व्याख्येतूनच वगळलं. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयं ट्रस्टची आहेत. उद्या एखाद्या ट्रस्टने याच शब्दांचा आडोसा घेतला तर प्राध्यापक बाहेर होताच, झाडूवाली मावशी आणि शिपाईसुद्धा बाहेर जातील. आणि ती मावशी कोणत्या वस्तीतून येते हे कॅम्प १ ला विचारा.

न्यायालयाचा सूरही आता बदलतो आहे. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना ३०,००० रुपये मिळत होते, तेच काम करणाऱ्या नियमित प्राध्यापकांना लाखाच्या वर. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वेतनश्रेणीचं किमान वेतन द्या म्हटलं आणि सुनावलं की गुरूला देव म्हणणारे श्लोक समारंभात म्हणून भागत नाही. सदतीस वर्षांपूर्वी उदात्त कार्य, आता किमान वेतन. मधली सदतीस वर्षं कुणाच्या पोटातून गेली याचा हिशेब कुणी देणार नाही.

आपल्यातल्या कायम प्राध्यापकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. तुम्ही चौदा एप्रिलला वर्गणी देता, वाचनालयाला पुस्तकं देता, त्याबद्दल आदर आहे. पण विभागातल्या तासिकावाल्या पोराकडून नॅकची फाईल फुकट करून घेताना 'समाजाचं देणं' कुठं जातं? तुमच्या संघटनेच्या सभासद-अर्जात त्याच्यासाठी रकाना आहे का? नसेल तर तो आधी घाला. परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकण्याची ताकद तुमच्या हातात आहे, त्याच्या नाही. त्याने एक दिवस नकार दिला की पुढच्या जूनमध्ये त्याचं नाव नसतं.

आणि जे तासिकेवर आहेत त्यांनी आजपासून कागद जमवावेत. नेमणुकीचं प्रत्येक पत्र, दर वर्षीचं वेळापत्रक, हजेरीपटाचा फोटो, मानधन जमा झाल्याची बँकेची नोंद, परीक्षा आणि नॅकच्या कामाचे व्हॉट्सॲपवरचे आदेश. माहिती अधिकारात अनुदानित महाविद्यालयाची बिंदुनामावली आणि रिक्त पदांची यादी मागा. महाविद्यालयाने टाळलं तर विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडे मागा. एकट्याने अर्ज केला तर नाव डोळ्यांवर येतं, म्हणून दुसऱ्या महाविद्यालयातल्या मित्राने तुमच्यासाठी करावा, तुम्ही त्याच्यासाठी. आणि कमी केल्याचं पत्र हातात पडलंच, तर त्यावर मिळाल्याची तारीख घालून सही करा, पाकीट फेकू नका. न्यायाधिकरणातल्या अपिलाचे तीस दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.