संशय म्हणजे पुरावा नव्हे

चार्ली चॅप्लिनच्या उत्तम चित्रपटांत ‘अ किंग इन न्यूयॉर्क’चे नाव सहसा घेतले जात नाही. 1957 सालचा हा विनोदपट विस्कळीत आहे आणि चॅप्लिनने त्यात अमेरिकेवर राग काढला आहे, असे म्हटले जाते. विस्कळीतपणाचा आक्षेप मान्य करता येईल, रागाचा मात्र नाही. 1952 साली चॅप्लिन बोटीने लंडनला निघाला आणि त्याच्यामागे अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. आधी मतांची आणि वर्तनाची झडती द्या, मग बघू, असा तो आदेश होता. तरीही आपल्या चित्रपटात त्याने सर्वांत मोठे दुःख हद्दपार राजाच्या वाट्याला दिलेले नाही. राजा शाहडोव्ह कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी चौकशी समितीपुढे जातो तेव्हा त्याचे बोट पाण्याच्या नळीत अडकलेले असते. समिती भिजते, आपण हसतो आणि राजा शेवटी सुखरूप युरोपला जातो. मोडतो तो दहा-अकरा वर्षांचा रुपर्ट. मित्रांची नावे सांगायला नकार दिल्याने त्याचे आईबाप तुरुंगात आहेत. त्यांच्या सुटकेसाठी ती नावे अखेर तो मुलगा सांगतो. या भूमिकेसाठी चॅप्लिनने स्वतःच्याच मुलाला, मायकेलला, उभे केले. संशयाचे राज्य ज्याला बाहेर घालवते त्याच्यापेक्षा घरात राहणाऱ्यांचे अधिक नुकसान करते, हे या चित्रपटाचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे.

हे आपल्या कोकण किनाऱ्यावर तरी कोणाला परके वाटू नये. 1924 साली सावरकरांची सुटका झाली ती दोन अटींवर: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचे नाही. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याआधी मालवण तालुका रत्नागिरीतच होता, म्हणजे त्या तालुक्यातले आपले तोंडवली गावही त्याच कुंपणात येत होते. पाच वर्षांची ती बंदी वाढत वाढत 1937पर्यंत चालली. संशयाला एकदा मुदत दिली की ती वाढवायला नवा गुन्हा लागत नाही, जुना संशय पुरतो. पुढे 1975 साली आणीबाणी आली आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते खटल्याशिवाय बेंगळुरूच्या तुरुंगात गेले. 1977 साली याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले आणि सरकारला धोकादायक वाटलेला हा माणूस देशाचा रेल्वेमंत्री झाला. सावरकर आणि दंडवते यांच्या विचारांत दोन ध्रुवांचे अंतर होते. संशयाने दोघांनाही सोडले नाही. म्हणून ‘आपल्या’ माणसांपुरता हा प्रश्न मांडणे चूक आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. शीतयुद्धात हेर खरोखरच होते आणि गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी सांडलेले रक्तही खरे आहे, मग सरकारने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. हिंसा करणाऱ्याला, तिला पैसा आणि शस्त्रे पुरवणाऱ्याला पुराव्यानिशी न्यायालयात उभे करावे आणि कठोर शिक्षा द्यावी. त्या अमेरिकी समित्यांचा भर मात्र कृत्यांवर नव्हता. त्यांना नावे हवी होती. आपल्याकडेही हाच प्रश्न आहे: जुलै 2025मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातील बेकायदा कृत्याच्या व्याख्येत लेखी व तोंडी शब्द, खुणा आणि दृश्य सादरीकरणही येते. सल्लागार मंडळाची तरतूद आहे, हे खरे. पण व्याख्याच एवढी ऐसपैस असेल, तर मंडळाने तरी कोणत्या मापाने मोजायचे? आपल्या गावच्या जत्रेत दशावतारी नट लिखित संहितेशिवाय रंगमंचावर उभा राहतो आणि राजालाही चार शब्द सुनावतो. त्याच्या शब्दांकडे धोका म्हणून पाहायची सवय लागली, तर समोर बसलेला प्रेक्षकही हळूहळू साक्षीदार होईल.

चॅप्लिनला अमेरिकेने 1972 साली मानद ऑस्कर दिले. वीस वर्षांनी केलेला असा सन्मान गेलेला काळ परत देत नाही आणि त्या काळात नावे सांगावी लागलेल्यांची लाज धुऊन काढत नाही. म्हणून सरकार कोणत्याही पक्षाचे असो, संशयाच्या प्रत्येक कायद्याला नागरिकांनी वेळीच विचारावे: तुम्ही या माणसाचे कृत्य दाखवता आहात, की फक्त त्याचे नाव मागता आहात? नाव मागणारा कायदा आपण नाकारला पाहिजे.