चाकोरी मालकांची, गाडी फोर्डची

फोर्ड मोटर कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार ऑक्टोबर 1908 मध्ये अमेरिकेत विक्रीला आली आणि मे 1927 मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या एकोणीस वर्षांत दीड कोटी गाड्या तयार झाल्या. हा विक्रम मोडायला फोक्सवॅगनच्या बीटलला 1972 साल उजाडावे लागले. या गाडीविषयी दोन मते रूढ आहेत. पहिले हेन्री फोर्डच्या भक्तांचे. गाडी त्याच्या डोक्यातून निघाली, असेंब्ली लाइन त्याने शोधली, कामगारांनाही मोटार घेता यावी म्हणून त्याने रोज दुप्पट केला. सारांश, सामान्य माणसाला मोटार दिली ती फोर्डने. दुसरे मत टीकाकारांचे. मॉडेल टी हा पत्र्याचा खटारा होता, स्वस्त म्हणून खपला आणि गिऱ्हाइकावर लादला गेला.

ही मते एकमेकांविरुद्ध उभी दिसली, तरी दोन्हींचे गृहीत एकच आहे: देणारा फोर्ड आणि मालक नुसता हात पसरून घेणारा. इतिहासाला हे गृहीत मान्य नाही. मॉडेल टी चालली ती मालकाच्या रस्त्याला आणि हाताला जुळली म्हणून. आणि ती पडली, कारण मालक बदलला तरी फोर्ड बदलायला तयार नव्हता.

आधी भक्तांचा पक्ष. मोटारीचा शोध फोर्डने लावला नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. कार्ल बेंझचे पेटंट 1886 चे आहे. कमी ठाऊक असते ते हे की, फोर्ड मोटर कंपनी हा फोर्डचा तिसरा प्रयत्न होता. 1899 मधील डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनी बुडाली. 1901 मधील हेन्री फोर्ड कंपनीतून भागीदारांशी न पटल्यामुळे तो काही महिन्यांतच बाहेर पडला आणि त्याच कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. जून 1903 मध्ये सध्याची कंपनी उभी राहिली, तेव्हा गाडीचे इंजिन आणि सांगाडा बनवून देत होते डॉज बंधू. मॉडेल टी च्या आराखड्यावरही अनेकांचे हात फिरले आहेत: व्हॅनेडियम मिसळलेल्या हलक्या आणि चिवट पोलादामागे हॅरॉल्ड विल्स, अनेक भागांच्या रचनेत हंगेरीहून आलेला जोझेफ गालांब, इंजिनाच्या चक्रातच बसवलेल्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या मॅग्नेटोमागे स्पायडर हफ. योग्य माणसे निवडण्याचे आणि त्यांना एका कामाला जुंपण्याचे श्रेय फोर्डला द्यावेच लागेल. पण ते श्रेय एकहाती शोधाचे नव्हे.

असेंब्ली लाइनचेही तसेच. रॅन्सम ओल्ड्स 1901 पासून ‘कर्व्हड डॅश ओल्ड्समोबाइल’ ही छोटी गाडी टप्प्याटप्प्याने जुळवून मोठ्या संख्येने बनवत होता. अदलाबदल करता येतील इतके नेमके सुटे भाग ही तर लाइनची पूर्वअट. 1908 मध्ये इंग्लंडात तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकत्र मिसळले गेले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडून चालवून दाखवल्या गेल्या. सरकत्या कामाची कल्पना फोर्डच्या माणसांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत पाहिली होती. तिथे टांगलेले जनावर कामगारापुढून पुढे सरके आणि प्रत्येक जण आपला एकच तुकडा कापी. हायलंड पार्कच्या कारखान्यात 1913 साली पहिला प्रयोग झाला तो मॅग्नेटोच्या जुळणीवर. त्याच उन्हाळ्यात गाडीचा सांगाडा दोर आणि रहाट लावून जमिनीवरून ओढत नेला गेला आणि कामगार वाटेत ठेवलेले भाग त्यावर बसवत त्याच्याबरोबर चालत गेले. साडेबारा तासांच्या आसपास लागणारी सांगाड्याची जुळणी 1914 मध्ये 93 मिनिटांवर आली. हे यश अफाट आहे, पण ते कारखान्यातील कारागिरांच्या आणि मुकादमांच्या महिनोन्‌महिने चाललेल्या खटपटीचे आहे.

पाच डॉलर रोजाची कथा भक्तांना सर्वांत प्रिय. जानेवारी 1914 मध्ये फोर्डने नऊ तासांच्या 2.34 डॉलर रोजाऐवजी आठ तासांना पाच डॉलर जाहीर केले. कामगारांनीच गाड्या विकत घ्याव्यात म्हणून ही वाढ दिली, असे सांगितले जाते. साधा हिशेब केला तरी हे टिकत नाही. कारखान्यात कामगार चौदा हजारांच्या आसपास आणि वर्षाच्या गाड्या दोन लाखांहून जास्त. प्रत्येक कामगाराने दरवर्षी नवी गाडी घेतली असती, तरी मालाचा छोटासाच हिस्सा संपला असता. खरे कारण कारखान्याच्या दारात होते. लाइनवरचे एकसुरी काम माणसांना सोसत नव्हते. 1913 मध्ये कामगार सोडून जाण्याचे प्रमाण 370 टक्क्यांवर गेले होते आणि तेवढी मनुष्यसंख्या टिकवायला वर्षभरात पन्नास हजारांवर माणसे भरावी लागली होती. जास्त रोज हा ही गळती थांबवण्याचा उपाय होता आणि तो लागूही पडला. शिवाय पाच डॉलर सरसकट नव्हते. त्यातील मोठा भाग ‘नफ्यातील वाटा’ म्हणून येई आणि तो मिळवायचा तर कंपनीच्या समाजशास्त्रीय विभागाचे तपासनीस घरी येऊन कामगाराची दारू, बचत, घरातील स्वच्छता पाहून जात. याला दातृत्व म्हणणे म्हणजे हिशेबाच्या वहीला पोथी म्हणण्यासारखे आहे.

आता टीकाकारांचा पक्ष. त्यांचे लाडके उदाहरण रंगाचे: गिऱ्हाइकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे. 1922 च्या आत्मचरित्रात फोर्डने हे उद्गार आपण 1909 मध्ये काढल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांतील मॉडेल टी राखाडी, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांत निघत होत्या. केवळ काळ्याचा नियम 1914 ते 1925 या काळातला. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता, शिवाय एकच रंग ठेवला की लाइनवरचे काम सोपे होई. शेवटच्या दोन वर्षांत रंग परत आले. लादणुकीचा पुरावा म्हणून दिले जाणारे हे वाक्य एकोणीस वर्षांपैकी अकराच वर्षांना लागू पडते.

‘स्वस्त म्हणून खपली’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तो दोन्ही टोकांना तुटतो. 1908 मध्ये मॉडेल टी ची किंमत 850 डॉलर होती आणि ती बाजारातील सर्वांत स्वस्त गाडी मुळीच नव्हती. ओल्ड्सची छोटी गाडी काही वर्षांपूर्वीच 650 डॉलरना मिळत होती. सीअर्स कंपनी टपालाने मागवता येणारी मोटार-बग्गी चारशे डॉलरच्या आत विकत होती. त्या मागे पडल्या आणि महागडी टी पुढे गेली. उलट 1925 मध्ये टी चे सर्वांत स्वस्त रूप 260 डॉलरवर आले होते, म्हणजे ती पूर्वी कधी नव्हती इतकी स्वस्त होती. आणि नेमकी तेव्हाच तिची पीछेहाट सुरू झाली होती. किंमत उतरल्याने गाडी लाखांच्या घरात गेली हे मान्य. पण किंमत हेच यशाचे मूळ असते, तर सर्वांत कमी किमतीच्या वेळी ती हरली नसती.

मग मूळ कोणते? त्याचे उत्तर रस्त्यात आहे. 1908 च्या अमेरिकेत शहराबाहेर पक्के रस्ते जवळजवळ नव्हते. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात वाळून कडक झालेल्या गाडीवाटा. मॉडेल टी ची जमिनीपासूनची उंची भरपूर होती. पुढे आणि मागे आडवी बसवलेली एकेक कमान-स्प्रिंग, त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असले तरी सांगाडा पिरगळूनही तुटत नसे. याहून बोलका पुरावा चाकांतील अंतराचा आहे. सर्वसाधारण टी मध्ये हे अंतर 56 इंच होते. दक्षिणेकडील राज्यांत घोड्या-खेचरांच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या 60 इंचांच्या होत्या. त्या चाकोरीत चाके बसली नाहीत तर गाडी तिरकी होऊन अडकणार. म्हणून फोर्डने काही वर्षे 60 इंची टी वेगळी विकली. ‘एकच गाडी, एकच साचा’ असा ज्याचा लौकिक, त्या कारखान्याने इथे मालकाच्या वाटेची रुंदी मोजून आस लांब केला होता.

दुसरे उत्तर हातात आहे. गाडीत पायाशी तीन पेडल. डावे पूर्ण दाबले की गाडी सावकाश पुढे, अर्धे दाबले की मोकळी, सोडले की वेगात. मधले मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे. इंधन किती आणि ठिणगी कधी, हे स्टिअरिंगखालच्या दोन कांड्यांनी ठरवायचे. सुरू करायची तर समोर उभे राहून हँडल मारायचे, तेही डाव्या हाताने आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. कारण ठिणगीची कांडी चुकून पुढे राहिली असेल, तर हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे क्लच पुरता सुटत नसे आणि इंजिन लागताच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर चालून येई. म्हणून जाणते मालक मागचे एक चाक जॅकवर उचलून मगच हँडलला हात घालत. टाकी पुढच्या बाकाखाली, त्यामुळे इंधन आपल्या वजनाने खाली उतरे. उभ्या चढावर ते इंजिनापर्यंत पोचेना, की गाडी वळवून उलटी चढवायची. इंधन किती उरले हे पाहायला बाक उचलून टाकीत काठी बुडवायची.

हे सगळे दोषच होते, टीकाकार म्हणतात ते इथपर्यंत खरे. पण दोष असे होते की ते मालकाला दिसत, समजत आणि आवरत. इंजिनाचे डोके काही बोल्ट काढले की वेगळे होई. झिजलेले पट्टे घरी बदलता येत. ज्याला नांगर आणि मळणीयंत्र दुरुस्त करायची सवय, त्या शेतकऱ्याला एक पाना, पक्कड आणि थोडी तार पुरे होई. गाडीत जे नव्हते ते मालक स्वतः जोडी. वेगदर्शक, आरसा, सामानाची पेटी अशा वस्तूंनी सीअर्सच्या सूचीपत्राची पाने भरलेली असत. काहींनी मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि करवत, पाण्याचा पंप, दळणयंत्र चालवले. काहींनी जोडसामान घेऊन तिचा ट्रॅक्टर केला. कारखान्यातून बाहेर पडताना सगळ्या टी सारख्या होत्या. वर्षभरात अंगणात उभ्या असलेल्या दोन टी सारख्या नसत.

मालकांचे मत विनोदांतही उमटले. टी वर चुटक्यांची पुस्तकेच निघत. त्यांतला एक: मरणाऱ्या माणसाने आपल्याला फोर्डसकट पुरा असे सांगितले, कारण आजवर तिने बाहेर काढले नाही असा एकही खड्डा त्याला भेटला नव्हता. ही थट्टा गाडीची लाज काढणारी नाही, घरच्या माणसाची करतात तशी आहे. फोर्डलाही ती फुकटची जाहिरात वाटे. 1918 मध्ये जॉर्जियातील एका शेतकरी स्त्रीने फोर्डला पत्र लिहून कळवले होते की, या गाडीने आपल्या कुटुंबाला चिखलातून वर काढले. घरात न्हाणीचा टब नसताना मोटार कशाला घेतली, असे विचारणाऱ्या सरकारी बाईंना एका शेतकरणीने टबात बसून गावाला जाता येत नाही असे सुनावल्याची गोष्टही सांगितली जाते. अशा घरांना टी कोणी लादलेली नव्हती. त्यांनी काय आधी आणि काय नंतर याचा विचार करून ती घेतली होती.

याच मालकांनी पुढे पाठ फिरवली, हा या प्रतिपादनाचा सर्वांत मोठा आधार. 1921 मध्ये अमेरिकेतील निम्म्याहून जास्त नव्या गाड्या फोर्डच्या होत्या. पण रस्ते सुधारत होते, बायका गाडी चालवू लागल्या होत्या, हँडल मारणे नकोसे होत होते. 1919 मध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी दहांत एक बंद छपराची होती. 1927 पर्यंत दहांत आठ. टी चा हलका सांगाडा उघड्या गाडीसाठी होता. जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोनने दरवर्षी नवे रूप आणि प्रत्येक ऐपतीला वेगळी गाडी हे धोरण आणले. त्या कंपनीची हप्त्यांवर गाडी देणारी शाखा 1919 पासून होती. फोर्डने 1923 मध्ये योजना काढली तीही अशी, की आठवड्याला पाच डॉलर भरत राहा आणि सगळे पैसे फिटले की गाडी घेऊन जा. एकाकडे गाडी आज मिळत होती आणि दुसऱ्याकडे कधीतरी. जनरल मोटर्सच्याच शेवरलेचा कारभार ज्याने वर आणला तो विल्यम नुडसेन 1921 पर्यंत फोर्डकडेच होता. जानेवारी 1926 मध्ये हेन्रीचा मुलगा एड्सेल फोर्ड याचा साडू अर्नेस्ट कान्झलर याने नव्या गाडीची गरज मांडणारे सविस्तर टिपण हेन्री फोर्डला दिले. त्याच वर्षी त्याला कंपनीतून जावे लागले. ज्याने एके काळी शेतकऱ्याच्या चाकोरीसाठी आस चार इंच वाढवला होता, तो आता स्वतःच्या चाकोरीतून चाक काढायला तयार नव्हता. मे 1927 मध्ये कारखाना थांबला आणि नवी ‘मॉडेल ए’ लोकांसमोर यायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात पहिले स्थान शेवरलेने घेतले.

तेव्हा भक्तांना सांगावे लागते की मोटार ही फोर्डची देणगी नव्हती, आणि टीकाकारांना सांगावे लागते की ती लादणूकही नव्हती. तो एक व्यवहार होता. मालकाला काय लागते हे फोर्डने ऐकले तोवर व्यवहार चालला, ऐकणे थांबले तसा तो मोडला. गाडी मात्र लगेच मेली नाही. लाखो मालक आपापल्या टी चालवत आणि दुरुस्त करत राहिले. त्यांच्यासाठी फोर्डच्या कारखान्यात मॉडेल टी चे इंजिन ऑगस्ट 1941 पर्यंत तयार होत होते, म्हणजे गाडी बंद झाल्यावर आणखी चौदा वर्षे.