मागचा जिना

"जय भीम सर, कॉलेजला वकिलाची नोटीस पाठवायची आहे," असे म्हणत बी. आर्क.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी आपल्या समाजाची एक मुलगी गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात आली. आमच्याकडे विद्यार्थी येतात ते बहुधा जात पडताळणीच्या दाखल्यासाठी, नाहीतर शिष्यवृत्ती अडकली म्हणून. हिची तक्रार एका जिन्याची होती! आम्ही आधी हसलो. अर्ध्या तासाने मात्र आमचे हसणे थांबले होते.

तिला कॉलेजात काम मिळाले होते ते असे. मुंबईतली एक जुनी इमारत निवडायची, तिच्या जिन्याची मोजमापे घ्यायची, संगणकावर त्याचे त्रिमितीय मॉडेल उभे करायचे आणि त्याच इमारतीसाठी आजच्या काळाचा नवा जिना आखायचा. चौघांच्या गटाने पुढचा सागवानी जिना मोजला. रुंद पायऱ्या, कोरीव कठडा, वळणावर खिडकी. गटातले बाकीचे तिघे चहा प्यायला गेले. ही पोरगी हाऊस गल्लीतून इमारतीच्या मागे गेली. तिथे तिला गंजलेला, गोल फिरत वर जाणारा लोखंडी जिना दिसला. प्रत्येक मजल्याच्या मोरी-संडासापाशी तो थांबतो, घरात कुठेच उघडत नाही. तिने तोही मोजला.

ज्युरीच्या दिवशी तिच्या मॉडेलमध्ये दोन्ही जिने होते. "मागचा सांगाडा कशाला घेतलास? तो डिझाइनचा भाग नाही. फाइल उगाच जड झाली आहे, काढून टाक आणि परत सादर कर," असे तिला सांगण्यात आले. तो जिना कोणासाठी होता हे ती सांगू लागली, तेव्हा इथे समाजशास्त्र शिकवत नाहीत, असे उत्तर मिळाले. गुण राखून ठेवले गेले. म्हणून तिला नोटीस हवी होती.

मुंबईच्या जुन्या इमारतींमागचे हे जिने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. मैला वाहणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने यायचे नाही, घरातल्या कोणाच्या समोर पडायचे नाही, गल्लीतून यायचे, मागून चढायचे, टोपली-डबा भरून मागूनच उतरायचे, यासाठी ती सोय होती. आमच्या विहारात येणारे एक वयोवृद्ध उपासक म्युनिसिपालटीच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना या मुलीने कागदावर छापलेले चित्र दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावसात ह्या पायऱ्या लई घसरायच्या, पोरी. एका हातानं दांडा धरायचा." आर्किटेक्चरच्या कोणत्या पुस्तकात ही माहिती मिळेल?

आता त्या मॉडेलकडे वळू. आम्ही कायद्याचे विद्यार्थी. रेव्हिट, स्केचअप ही नावे आम्ही तिच्याकडूनच ऐकली. पण तिने लॅपटॉपवर दाखवले तेव्हा ही विद्या काय आहे ते थोडे समजले. पूर्वी टी-स्क्वेअर घेऊन कागदावर जिना काढत, तेव्हा एक पायरी चुकली की सगळे खोडावे लागे. रेव्हिटमध्ये खालच्या मजल्याची पातळी, वरच्या मजल्याची पातळी आणि पायरीची जास्तीत जास्त उंची सांगितली की पायऱ्या किती लागतील ते यंत्र मोजून देते. दोन मजल्यांतले अंतर 3 मीटर 60 सेंटिमीटर आणि पायरी 15 सेंटिमीटर, म्हणजे 24 चढ. पायऱ्या कमी पडल्या आणि जिना वर पोचला नाही, तर ते यंत्र तसा इशाराही देते! चढायला सोपा जिना कोणता याचा एक जुना हिशोब आहे. सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने तो मांडला. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, ही बेरीज माणसाच्या पावलाएवढी, साधारण 60 ते 64 सेंटिमीटर भरली पाहिजे. पुढच्या सागवानी जिन्याची पायरी 15 सेंटिमीटर उंच आणि 30 सेंटिमीटर रुंद. बेरीज 60. चोख.

मागच्या जिन्याला तेवढेच अंतर 18 चढांत संपवले आहे. म्हणजे पायरी 20 सेंटिमीटर उंच. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घराला जास्तीत जास्त 19 सेंटिमीटर उंची आणि पाऊल ठेवायला किमान 25 सेंटिमीटर रुंदी सांगते. इथे जिन्याचा सगळा व्यास 1 मीटर 20 सेंटिमीटर. पायरी पाचरीसारखी. बाहेरच्या कडेलाही जेमतेम 21 सेंटिमीटर आणि मधल्या खांबाकडे निमुळती होत पायाखाली काहीच नाही. त्यावरून भरलेला डबा घेऊन उतरायचे. आम्ही अस्पृश्यतेवर शेकडो भाषणे ऐकली आणि केली. तिची सेंटिमीटरमधली मोजणी आम्ही पहिल्यांदाच पाहिली. न्यायालयात पुरावा लागतो, हे आम्ही पक्षकारांना रोज सांगतो. हा पुरावाच होता, आणि फाइल जड होते म्हणून तो काढून टाकायला सांगितले गेले.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. प्रत्येक जात म्हणजे त्याचा एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला वाट नाही. चळवळीतल्या लहान मुलालाही हे पाठ असते. या मुलीने आमच्या ज्ञानात भर घातली ती अशी, की या मनोऱ्याला एक जिना होता. तो मागे होता आणि फक्त घाण खाली आणण्यासाठी होता. महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला 17 मार्च 1937 उजाडले. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव यांच्याबरोबर स्नानघाटही नाव घेऊन आले. पायऱ्यांवरचा हक्क ही काही आमची कविकल्पना नव्हे, तो लिखित कायदा आहे. आणि हे सर्व जुन्या काळचे, असेही कोणी समजू नये. आजच्या टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या बाईला आणि सामान पोचवणाऱ्या पोराला वेगळी लिफ्ट दाखवली जाते. त्या लिफ्टचा नकाशाही कोणीतरी शिकलेल्या माणसानेच संगणकावर काढलेला असतो.

या मुलीने नवा जिना आखला तो पाहण्यासारखा आहे. तिने रस्त्याकडून आणि गल्लीकडून, दोन्हीकडून पोचता येईल असा एकच जिना मध्ये घेतला, शेजारी लिफ्ट ठेवली, दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी एकास बाराचा उतार दिला. लोखंडी जिना पाडला नाही. तो तसाच उभा ठेवून त्याचा इतिहास सांगणारी पाटी लावावी, असे तिने नकाशात लिहिले. आम्हाला तरी यात समाजशास्त्राचा नाहक भरणा दिसला नाही. इमारत कोणासाठी, हा वास्तुशास्त्राचा पहिला प्रश्न नसेल तर दुसरा कोणता?

आता तिच्या हाल-अपेष्टांविषयी. रेव्हिटचा शैक्षणिक परवाना विद्यार्थ्याला फुकट मिळतो, हे खरे. पण तो चालवायला 16 जीबी मेमरीचा संगणक लागतो आणि तो स्वस्तात येत नाही. कॉलेजची प्रयोगशाळा पाच वाजता बंद. वसतिगृहात संगणक आहेत, त्यांवर टायपिंग होते. शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष सरत आले तरी जमा नाही. तिने लोखंडी जिना मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, ती झोपल्यावर, रात्री बारा ते पाच या वेळात पूर्ण केला. फाइल जड झाली म्हणणाऱ्यांनी हे वजनही मोजायला हवे होते. 17,500 रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून एका दलित विद्यार्थ्याची आयआयटी धनबादची जागा गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 30 सप्टेंबर 2024 रोजी विशेष अधिकार वापरून ती त्याला मिळवून दिली. निकालाचे स्वागत आहे. पण प्रत्येक पोराने लॅपटॉपसाठी दिल्ली गाठायची काय?

आम्ही तिला नोटीस काढून दिली नाही. गुणदान ही शैक्षणिक बाब आहे, न्यायालये त्यात सहसा हात घालत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षात नोटीस पाठवून पुढची तीन वर्षे तिला तिथेच काढायची आहेत. त्याऐवजी विभागप्रमुखांच्या नावे दोन पानी अर्ज तयार केला. सोबत मोजमापांचा तक्ता, दोन्ही जिन्यांची छायाचित्रे, संहितेतली कलमे आणि त्या उपासकांचे सहीचे निवेदन जोडले. दिलेल्या कामात इमारतीचा जिना मोजा असे लिहिले होते, पुढचा जिना मोजा असे नव्हते, एवढाच आमचा मुद्दा. जातीचा उल्लेख अर्जात एकदाच आहे, तोही मोजमापाच्या ओघात. तिला हे मवाळ वाटले. वाटू द्या.

समाजालाही दोन शब्द सांगणे भाग आहे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे बिल किती होते हे मंडळांना आम्ही विचारले तर राग येतो. त्या पैशात विहाराच्या वरच्या खोलीत या कामाचा एक संगणक बसतो. परवान्याचीही अडचण नाही, ब्लेंडर आणि फ्रीकॅड कोणालाही मोफत मिळतात. डॉक्टर, कलेक्टर, वकील व्हा असे आम्ही पोरांना सांगत आलो. घर बांधायला गवंडी आमचा, विटा वाहणारी बाई आमची, आणि दार कुठे ठेवायचे हे ठरवणारा मात्र दुसराच, याकडे आमचे लक्ष गेले नाही. यात आम्हीही दोषी आहोत. वस्तीतल्या पुनर्विकासाचे नकाशे बिल्डर आणतो, तेव्हा वकील म्हणून आम्ही करारनामा वाचतो आणि नकाशाची घडी न उलगडताच बाजूला ठेवतो. पुढच्या वेळी या मुलीला सोबत बसवणार आहोत.

समाजकल्याण वसतिगृहांत वास्तुशास्त्र, अभियांत्रिकी आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी त्या दर्जाचे संगणक द्यावेत आणि ती खोली रात्री उघडी ठेवावी, या मागणीचे निवेदन आम्ही सहायक आयुक्तांना देत आहोत. ज्या पालकांच्या मुलांची अशी अडचण असेल त्यांनी प्रवेशपावती आणि शिष्यवृत्ती अर्जाचा क्रमांक घेऊन रविवारी विहारात यावे. मुलीचे पुन्हा सादरीकरण पुढच्या आठवड्यात आहे. मागचा जिना तिने फाइलमध्ये ठेवला आहे.