१.० की १.५? सेडानचं इंजिन निवडताना सीसी नव्हे, तुमचा रस्ता बघा

सेडान घ्यायचं ठरतं, रंगावरही घरात एकमत होतं. मग शोरूममध्ये प्रश्न येतो, ‘वन लिटर की वन पॉइंट फाइव्ह?’ आणि चर्चा तिथंच अडते. एकीकडे वाढणारा हप्ता, दुसरीकडे ‘घाटात गाडी दम टाकेल का’ ही धास्ती. बहुतेक कुटुंबं हा निर्णय शेजाऱ्याच्या नाहीतर मेहुण्याच्या सल्ल्यावर घेतात. खरं तर तो स्वतःच्या रोजच्या रस्त्यावरून घ्यायला हवा.

कागदावर फरक किती?

फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सेडानमध्ये दोन्ही पर्याय आहेत. लहान इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ताकद ११५ पीएस आणि टॉर्क १७८ एनएम. मोठं इंजिन १,४९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. १५० पीएस आणि २५० एनएम. दोन्ही टर्बो पेट्रोल.

टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. चढावर आणि ओव्हरटेक करताना तोच कामाला येतो. मोठ्या इंजिनात तो ४० टक्के जास्त आहे.

मात्र ‘सीसी कमी म्हणजे गाडी कमजोर’ हा जुना हिशेब आता चालत नाही. ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो नसलेलं १.५ लिटर इंजिन ११५ पीएस आणि १४४ एनएम देतं. म्हणजे एक लिटरचं टर्बो इंजिन ताकदीत त्याच्या बरोबरीचं आणि टॉर्कमध्ये पुढे आहे.

लहान इंजिनावर जीएसटी वाचतो का?

नाही. इथंच अनेकांचा गैरसमज होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कारवर १८ टक्के जीएसटी आहे. पण त्यासाठी इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. या सेडान साडेचार मीटरपेक्षा लांब आहेत. त्यामुळे इंजिन कोणतंही घ्या, जीएसटी ४० टक्केच.

फायदा होतो तो विम्यात. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार नव्या कारचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, तर १,००० ते १,५०० सीसीसाठी १०,६४० रुपये आहे. फरक चार हजारांचा.

खरा खर्च कुठे?

दोन इंजिनांच्या ऑन-रोड किमतीत दोन लाखांचा फरक धरू. ही रक्कम ९ टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,१५० रुपयांनी वाढतो. नुसतं व्याजच ४९ हजारांच्या आसपास जातं.

आता पेट्रोल. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवलं आणि लहान इंजिननं १५, मोठ्यानं १३चं मायलेज दिलं, असं समजू. मोठ्या गाडीला वर्षाला सुमारे १२३ लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरला १०४ रुपये धरले तर पावणेतेरा हजार रुपये. म्हणजे माणसं मायलेजवर वाद घालतात, पण खिशाला मोठी कात्री लागते ती हप्त्याची.

मग मोठं इंजिन कुणी घ्यावं?

घर ते ऑफिस, मुलांची शाळा, वर्षातून दोन-तीनदा गाव, असा वापर असेल तर एक लिटर टर्बो पुरेसं आहे. सिग्नलला रांगेत उभं राहायला २५० एनएम लागत नाहीत.

पण दर पंधरा दिवसांनी पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन कुंभार्लीसारखा घाट चढायचा असेल, तर गणित बदलतं. पाच जण आणि सामान मिळून चारशे किलोंच्या आसपास वजन होतं. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहील तितकं सुरक्षित. लहान इंजिनात आरपीएम पडले की टर्बो जागा व्हायला क्षणभर लागतो. अशा कुटुंबासाठी मोठं इंजिन ही चैन नाही. तरीही त्यासाठी हप्ता ओढाताण करून भरावा लागणार असेल, तर लहान इंजिन घ्यावं, वेळेत खालचा गिअर टाकावा आणि रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत ट्रकच्या मागे राहावं.

शेवटचा निर्णय टेस्ट ड्राइव्हवर सोडावा, पण ती नीट घ्यावी. चालवणारा आणि सेल्समन असे दोघेच सपाट रस्त्यावर फिरून आले तर काहीच कळत नाही. घरातल्या सगळ्यांना बसवा, एसी लावा आणि जवळच्या चढावर थांबून गाडी पुन्हा उचलून बघा. तिथं लहान इंजिन कुरकुरलं नाही, तर दोन लाख खुशाल वाचवा.