खिडकी संघाचा आठवडा

दोस्तांनो, यंदा पाऊस हटायचं नाव घेत नाही. आमच्या मुर्रीच्या बांध्यांमधलं धान खुशीत डोलतंय, पण शाळेचं मैदान म्हणजे नुसता चिखल. बॅट आणि स्टंप कपाटात पडून आहेत. मग सहावीच्या वर्गाने मधल्या सुट्टीत करायचं काय? पुस्तक क्रिकेट!

हा खेळ ठाऊक नाही असा वाचक या पानावर सापडणं कठीण. तरी एखाद्या नवख्यासाठी (आणि 'अभ्यासाच्या पुस्तकाचं हे काय चालवलंय?' म्हणून डोळे वटारणाऱ्या आईसाठी) थोडक्यात सांगतो. डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा अंक बघायचा. 34 आलं तर 4 धावा, 58 आलं तर 8. शून्य आलं की बाद! डाव्या पानावर नेहमी सम संख्याच असते, त्यामुळे 0, 2, 4, 6, 8 हे पाचच अंक येतात. पुस्तक मात्र जुनं आणि चांगलं सैल झालेलं हवं. नवं पुस्तक एकदा जिथे दाबलं तिथेच पुन्हा पुन्हा उघडतं, आणि काही बहाद्दर नेमकं 46 नंबरचं पान दाबून ठेवतात. आम्ही गेल्या कित्येक वर्षांचं फाटकं वाचनपुस्तक घेतो, 1 ते 100 एवढीच पानं धरतो, म्हणजे पाचही अंकांना सारखीच संधी मिळते.

तर एक दिवस मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पुस्तकाले काय मालूम, बॅट कोणाच्या हातात हाये ते?"

प्रश्न बिनतोड होता. पाच वेळा पुस्तक उघडलं तर साधारण 2, 4, 6, 8 आणि 0 एकेकदा येणार. म्हणजे 20 धावा आणि एक विकेट. सचिन तेंडुलकर खेळो की चंद्रशेखर, सरासरी वीसच! भागवत चंद्रशेखर म्हणजे आपला मोठा फिरकी गोलंदाज. 58 कसोटींत त्याने 242 बळी घेतले आणि धावा काढल्या 167. बळी जास्त, धावा कमी! त्याला आणि सचिनला एकाच मापाने मोजायचं म्हणजे गंमतच की.

मग मी पोरांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिकडे क्रिकेटऐवजी बेसबॉलचं वेड. हॅल रिचमन नावाच्या माणसाने शाळकरी वयातच फाशांवर बेसबॉल खेळायची युक्ती काढली आणि 1961 मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने तो खेळ बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड. त्याने गेल्या मोसमात जशी कामगिरी केली, तसे आकडे त्या कार्डावर. तीन फासे टाकायचे. एक फासा ठरवतो की फलंदाजाचं कार्ड बघायचं की चेंडू फेकणाऱ्याचं. उरलेल्या दोघांची बेरीज सांगते की कार्डावरची कुठली ओळ वाचायची. झालं! घरात बसून अख्खा मोसम खेळून काढता येतो. मोठी माणसंसुद्धा वर्षानुवर्षं वह्या भरून हे खेळतात. 1981 मध्ये तिकडच्या खेळाडूंनी संप केला, तेव्हा क्लीव्हलँडच्या मोठ्या स्टेडियममध्ये फासे टाकून सामना झाला होता! आणि 2020 मध्ये कोरोनामुळे खरे सामने लांबले, तेव्हा कंपनीने रोजचे सामने याच पद्धतीने खेळून दाखवले.

ही गोष्ट ऐकल्यावर आमचा वर्ग गप्प बसतो होय? घराघरांतून जुन्या लग्नपत्रिका आल्या. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर कार्डं तयार झाली. फासे नव्हते, पुस्तकच होतं. मग नियम बनला तो असा: मोठ्या फलंदाजाला शून्यावर लगेच बाद करायचं नाही, पुस्तक आणखी एकदा उघडायचं. दुसऱ्यांदा काय आलं तर बाद, ते त्याच्या कार्डावर लिहायचं.

डॉन ब्रॅडमनच्या कार्डावर लिहिलं, 'दुसऱ्यांदाही 0 आलं तरच बाद.' आता हिशोब करा. 25 वेळा पुस्तक उघडलं, त्यात साधारण 5 शून्यं. त्या पाचांपैकी दुसऱ्यांदा शून्य येणार एकदाच. उरलेल्या 20 वेळा सरासरी पाच-पाच धावा. 20 गुणिले 5, म्हणजे 100 धावा आणि एक विकेट. ब्रॅडमनची खरी सरासरी 99.94! फळ्यावर हे उत्तर आलं तेव्हा वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरचा पाऊस ऐकू यावा.

सचिनची कसोटी सरासरी 53.78, गावस्करची 51.12. त्यांच्या कार्डावर 'दुसऱ्यांदा 0 किंवा 2 आलं तर बाद', म्हणजे 50. कपिल देव 31.05. त्याच्यासाठी 0, 2, 4, म्हणजे 33. सांगलीच्या स्मृती मंधानालाही मुलींनी 50 चंच कार्ड दिलं, पण ती अजून खेळते आहे, म्हणून तिचं कार्ड पेन्सिलीने लिहिलं. चंद्रशेखरला मात्र दुसरी संधी नाहीच. शिवाय 0 आणि 8 दोन्हींवर बाद. पाच वेळा उघडलं की 12 धावा आणि दोन विकेट, सरासरी 6. आमच्या विदर्भाच्या उमेश यादवला कोणीतरी तेच कार्ड दिलं आणि वर्ग पेटला! "तो एवढा कच्चा नाही हो सर!" पोरांचं खरंच होतं, त्याची सरासरी याहून बरी आहे. शेवटी 0 आणि 2 वर बाद, म्हणजे सरासरी 9, यावर तह झाला. (आमच्या खेळात गोलंदाज नाहीत, ही उणीव आहेच. कोणाला उपाय सुचतो का?)

बसायच्या रांगांवरून तीन संघ पडले: खिडकी, दार आणि भिंत. प्रत्येकात पाच खेळाडू, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. ब्रॅडमन आणि चंद्रशेखर दोघेही खिडकीला मिळाले. कप्तान एक मुलगी, आकड्यांना एकदम पक्की. आठवड्यात रोज एक सामना, प्रत्येक संघाचे चार. ब्रॅडमन मिळाल्यावर खिडकीवाले सोमवारी सकाळपासूनच कॉलर ताठ करून फिरत होते.

सोमवारी दार संघाविरुद्ध ब्रॅडमनने 36 केल्या आणि सामना हरले. मंगळवारी भिंतीविरुद्ध ब्रॅडमन शून्यावर बाद! पहिल्यांदा पान 60, दुसऱ्यांदा 90. आणि त्याच डावात चंद्रशेखरच्या 20! सामना पुन्हा हातचा गेला.

मंगळवारी दुपारी मी त्यांना 14 ऑगस्ट 1948 चा दिवस सांगितला. लंडनचं ओव्हल मैदान, ब्रॅडमनचा शेवटचा कसोटी डाव. चारच धावा केल्या असत्या तर सरासरी बरोबर 100 झाली असती. एरिक हॉलिजने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला, शून्यावर! त्याच्या 80 डावांत अशी शून्यं सात. आमच्या कार्डाच्या हिशोबाने साधारण 21 डावांत एक शून्य यायला हवं, म्हणजे खरा ब्रॅडमन कार्डापेक्षा जास्त वेळा शून्यावर गेला.

पण गोष्टीने पोट भरतं का? बुधवारी खिडकीचा सामना नव्हता, तरी सगळ्यात मोठा आवाज त्यांच्याच रांगेत होता. भिंतीच्या कप्तानाने सौदा आणला होता: ब्रॅडमन द्या, गावस्कर घ्या. अर्धी रांग तयार! "ब्रॅडमन पनवती हाये. त्याले काढा, चंद्राले सलामीले पाठवा!" कप्तान एवढंच म्हणाली, "त्याच्या कार्डावरचं लिहिलेलं बदललं का? नाही ना? मग?" एक मुलगा रागाने म्हणाला, "पण तो तर आउटच होते!" दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. दोन दिवसांत जे दिसलं ते एक, कार्डावर आहे ते दुसरं, आणि दोन दिवस म्हणजे फारच थोडे. (पालकहो, एका शनिवारच्या चाचणीत 20 पैकी 6 पडले की 'आमचं पोरगं गणितात कच्चंच' असं आपण ज्या झटक्यात म्हणतो, तो झटका मला तिथे आठवला. असो.)

हात वर करून मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. ब्रॅडमन राहिला, पण चंद्रशेखर सलामीला आणि ब्रॅडमन शेवटी, ही तडजोड कप्तानाला मान्य करावी लागली.

गुरुवारी ब्रॅडमन 22, पण मंधानाने 80 केल्या आणि सामना जिंकला. पहिला विजय! डबा खायचंही भान उरलं नाही.

शनिवारी पुन्हा भिंत. त्यांच्या 152. सलामीवीर चंद्रशेखर शून्यावर परतला, पण बाकीच्यांनी जमवत आणलं. शेवटी ब्रॅडमन 64 वर नाबाद, एकूण 148, जिंकायला पाच हव्यात. ज्याची फलंदाजी त्याच्याच हातात पुस्तक, असा आमचा नियम. खिडकीचाच एक मुलगा उघडत होता. पान 70. शून्य! सगळा वर्ग बाकांवर चढला. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडलं. वाकून बघायला अजून कोणी पोचलंच नव्हतं, पान फक्त त्यालाच दिसत होतं. पुस्तक हलकेच मिटायला किती वेळ लागतो? आणि वहीतल्या शून्याला कंबर काढली की आठ होतो.

"चाळीस," तो म्हणाला, आणि पुस्तक तसंच उघडं सगळ्यांसमोर धरलं.

चार धावांनी हार. भिंतीचे तीन विजय, दाराचे दोन, खिडकीचा एक. कप्तानाने वहीत बेरीज मांडली: 36, 0, 22, 64. एकूण 122, चार वेळा बाद, सरासरी 30.5.

"म्हणजे हा ब्रॅडमन नाही, कपिल देव हाये!" कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. तीही हसली, आणि वहीवरून मान न उचलता म्हणाली, "अजून 76 डाव बाकी हायेत त्याचे."

तर दोस्तांनो, आता तुमच्यासाठी काम. आमच्याकडे 100, 50, 33, 9 आणि 6 ची कार्डं आहेत, पण बरोबर 40 चं कार्ड काही जमत नाहीये म्हणून दार संघ हैराण आहे. शून्य आल्यावर दुसऱ्यांदा पुस्तकच उघडायला हवं, असं कुठे लिहिलंय? खिशात एखादा रुपया असेल तर बघा काही सुचतंय का.