दंड लबाडाला की चुकणाऱ्याला?

शुल्क बुडवणाऱ्यावर दया करा, असे कौटिल्यही सांगत नाही. शुल्काच्या भीतीने मालाचे माप वा मूल्य कमी सांगणाऱ्याचा वाढीव माल राजाने घ्यावा किंवा आठपट शुल्क वसूल करावे, असा अर्थशास्त्राचा दंडक आहे. मात्र त्यातील ‘शुल्काच्या भीतीने’ हा भाग महत्त्वाचा. शिक्षा हेतूला आहे.

१९६२च्या सीमाशुल्क कायद्यातही हा विवेक आहे, पण अर्धवट. संगनमत वा हेतुपुरस्सर लपवाछपवी असेल तर कलम ११४अ बुडवलेल्या शुल्काइतका दंड ठोठावते. कलम ११२च्या पहिल्या भागात मात्र हेतूची अटच नाही. जहाजातून माल कमी उतरला आणि खुलासा पटला नाही, तर कलम ११६ खाली शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड कप्तानावर, व्यवहारात त्याच्या एजंटावर.

सर्वांत बिकट अवस्था कस्टम्स ब्रोकरची. न्हावा-शेव्यात कंटेनर उतरतो तेव्हा त्याच्या हाती आयातदाराने दिलेली कागदपत्रे असतात. सीलबंद पेटीच्या आत त्याला दिसत नाही. २०१८च्या नियमावलीनुसार दंड ५० हजारांपर्यंतच, खरी धास्ती परवान्याची. आयातदार दंड भरून पुढचा माल मागवतो; परवाना गेलेल्या ब्रोकरच्या कारकुनांच्या घरची चूल विझते. ग्राहकाची ओळख आणि पत्ता पडताळणे हे ब्रोकरचे कर्तव्यच आहे, त्यात कुचराई करणाऱ्याची गय नको. पण मालाच्या वर्गीकरणावरचा वाद पुष्कळदा प्रामाणिक मतभेद असतो. तेथे परवान्याला हात घालण्यापूर्वी ब्रोकरला नेमके काय ठाऊक होते, हे खात्याने सिद्ध केले पाहिजे.